उतरताना उजव्या हाताला

३ फेब्रुवारी

प्रिय बारकी,

चौदा महिन्यांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. घरात सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी.

काम आहे म्हणून लिहिते आहे. मागच्या आठवड्यात तुझ्या कंपनीच्या माणसांनी डोंगराच्या पश्चिम उतारावर एक मशीन चढवलं. पवनचक्क्यांची पाती वर न्यायला जो रस्ता होणार आहे, त्यासाठी खडक कसा आहे ते बघायला भोकं पाडतात म्हणे. पाडू देत. पश्चिम उतारावर झुडपांशिवाय काही नाही. जिल्ह्याच्या वारसा सूचीत तसंच लिहिलेलं आहे आणि ती सूची मी कॉलेजात असताना केलेली आहे, त्यामुळे मला कोणी शिकवायला नको.

पण परवा सकाळी गाडीवाले काका दारात येऊन उभे राहिले. वडिलांच्या खाणीतून गिरणीचे दगड खाली आणायचे ते. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. माझ्या घरापर्यंत यायला त्यांना दोनदा बसावं लागलं असणार.

"बाई, दगडाला भोक पाडलं त्यांनी," म्हणाले.

"कोणत्या दगडाला?"

"तुमच्या बाबांच्या. अर्धा गोल झालेला होता ना, त्याला."

मी म्हटलं, "काका, खाण पूर्वेला आहे. मशीन पश्चिमेला आहे."

मी शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलांकडे जशी बघायचे, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

तर मला भोकांचा नकाशा हवा आहे. त्या कामावरून तुला काढून समुद्राकाठच्या कामावर पाठवलं, हे मला कळलं आहे. का पाठवलं तेही कळलं आहे. त्या विषयावर आत्ता नको. नकाशा कंपनीकडून रीतसर मागवला तर सहा महिने लागतील आणि तू मागितलास तर सहा दिवस, एवढाच हिशेब आहे.

तुझ्या खोलीचं छप्पर गळत होतं. दुरुस्त करून घेतलं. केवळ माहितीसाठी कळवते.

ताई

११ फेब्रुवारी

प्रिय बारकी,

नकाशा मिळाला. सोबतचं पत्रही मिळालं, त्याला पत्र म्हणायचं असेल तर. "ताई, नकाशा सोबत. भोक क्रमांक चार बघ." यापेक्षा लांब मजकूर मी औषधाच्या बाटलीवर वाचला आहे.

भोक क्रमांक चारच्या शेजारी तू पेन्सिलने एक छोटा चौकोन काढला आहेस. तो कशाचा, ते लिहिलेलं नाहीस. नकाशावर चिन्ह काढलं की सूचीत त्याचा अर्थ द्यायचा असतो, हे तू सातवीत असताना मी तुला घरी शिकवलं होतं.

असो. काल जिल्ह्याच्या पुरातत्त्व कार्यालयात जाऊन आले. तिथली अधिकारी माझीच विद्यार्थिनी निघाली. उठून उभी राहिली. मी बस म्हटल्यावरच बसली. तिने मूळ नोंदवही काढून दिली. अडतीस वर्षांपूर्वीची, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. एकूण बेचाळीस नोंदी. शेवटची आपली: "गिरणीच्या दगडांची खाण. पूर्व उतार, खिंडीपासून तीनशे पावलं." पुढचा रकाना "प्रत्यक्ष पाहणी केली काय?" त्यात "होय" लिहिलेलं आहे आणि खाली माझी सही आहे. अक्षर उत्तम आहे.

त्याच कपाटात पवनचक्क्यांच्या, चौदा महिन्यांपूर्वीच्या जनसुनावणीचं इतिवृत्तही होतं. वाचायचं नव्हतं, पण उघडलं. तू उभी राहिलीस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि म्हणालीस, "ताई, खाण पूर्वेला नाही, पश्चिमेला आहे. मी रोज बाबांचा डबा घेऊन जायचे." त्यावर मी दोनशे माणसांसमोर म्हणाले, "तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. आता कंपनीच्या पगारावर वडिलांची खाण इकडची तिकडे करायला निघाली आहेस." इतिवृत्तात कंसात "टाळ्या" असं लिहिलेलं आहे. त्या टाळ्या मला आवडल्या होत्या. हेही लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

रविवारी मी वर जाणार आहे. गाडीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "गुडघ्याला विचारून सांगतो." गुडघा हो म्हणाला.

ताई

१६ फेब्रुवारी

प्रिय बारकी,

तुझं बरोबर होतं.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली, परत येऊन बसले. वाक्य तिथेच आहे.

आम्ही सकाळी सातला निघालो. काकांनी दर शंभर पावलांवर थांबायचं आणि मी त्यांच्यासाठी थांबते आहे असं दाखवायचं, असं आमचं चाललं होतं. खिंडीत पोचलो तेव्हा माझ्याच छातीचा भाता झाला होता. मी आपली सवयीने उजवीकडे, पूर्वेला वळले. काका हललेच नाहीत.

"बाई, कुठे चाललात?"

"उजव्या हाताला. बाबांनी सांगितलं होतं तसं. तीनशे पावलं."

"अहो, उजवा हात उतरतानाचा."

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं, फळ्यावर लिहून दाखवावं तसं सावकाश. खाणीवर दिशा कधीच चढतानाची धरत नसत. चढताना माणूस रिकामा असतो, चुकला तरी बिघडत नाही. उतरताना मागे दहा मणांचा दगड असतो, चाकं नसलेल्या लाकडी गाडीवर, आणि पुढे दोर धरून माणूस. तेव्हा "उजवीकडे" असा आवाज आला की विचार करायला वेळ नसतो. म्हणून उजवा म्हणजे उतरतानाचा उजवा. जेवताना, गप्पा मारताना, घरी बायकोशी बोलतानासुद्धा. "तुमच्या आईला माहीत होतं," काका म्हणाले. "बारकीलाही. तुम्ही कॉलेजात होता."

खालून चढणाऱ्याचा उजवा हात पूर्वेकडे असतो. वरून उतरणाऱ्याचा तोच हात पश्चिमेकडे. तेहतीस वर्षं मी मुलांना भूगोल शिकवला, बारके. नकाशा उलटा धरणाऱ्याला बाकावर उभं केलं.

"काका, हे इतकी वर्षं तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बाई. तुम्ही सांगाल ती पूर्व."

आम्ही पश्चिमेला गेलो. झुडपं बाजूला केल्यावर खडकात एकामागून एक गोल दिसायला लागले. अकरा मोजले. काही नुसते आखलेले, काही हातभर खोल कोरलेले, एक तर असा की पाचर मारली तर आज सुटून येईल. छिन्नीचे घाव अजून ताजे वाटतात. उतारभर असे गोल, जणू कोणी जेवणाची ताटं मांडून ठेवली आहेत आणि माणसं यायची राहिली आहेत.

आठव्या गोलाला भोक आहे. बोटभर रुंद, अगदी सरळ, जवळजवळ मध्यावर. दगडाला एक बारीक तडा गेला आहे. मला रडू येईल असं वाटलं होतं. काका वाकून बघत म्हणाले, "तुमचे बाबा असते तर म्हणाले असते, चार बोटं चुकलं." मग आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी मी आवाज काढून हसले.

आणि त्या दगडाच्या वरच्या अंगाला खडकात एक चौकोनी खोबण आहे. वीतभर रुंद, तळ अगदी सपाट, वाऱ्याकडची बाजू बंद. मी काकांना विचारलं, ही कशाची. "बारकीच्या डब्याची. वारा डबा उलथायचा, म्हणून तुमच्या बाबांनी कोरून दिली. अर्धा दिवस मोडला त्याच्यात. मुकादम ओरडला होता."

तुझा पेन्सिलचा चौकोन कशाचा ते कळलं. सूचीत अर्थ द्यायला हवा होतास, तरीही.

आता रकान्याबद्दल. "प्रत्यक्ष पाहणी: होय." एक्केचाळीस ठिकाणी मी खरोखर गेले होते, उन्हातान्हात, पायी. बेचाळिसाव्या ठिकाणी गेले नाही. त्या दिवशी कॉलेजमधल्या दोन मैत्रिणी माझ्याबरोबर होत्या. त्या म्हणाल्या, चल, तुझ्या वडिलांना काम करताना बघू. मी म्हटलं, ऊन फार आहे. बाबांच्या पापण्यांवर दगडाची पांढरी धूळ असायची, आठवतं तुला? ती मैत्रिणींनी बघू नये असं मला वाटलं. संध्याकाळी जेवताना बाबांना विचारलं, त्यांनी "खिंडीतून उजव्या हाताला, तीनशे पावलं" असं सांगितलं आणि मी उभ्याउभ्या लिहून घेतलं. पूर्व हा शब्द माझा.

बाबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. गिरण्यांत दगडांऐवजी लोखंडी रूळ आले, खाण बंद झाली. वर जायला वेळ झाला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. मुख्याध्यापिकेला वेळ नसतो, यावर कोणीही विश्वास ठेवतं.

ताई

२३ फेब्रुवारी

प्रिय बारकी,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. प्रगती आहे.

"आता काय करणार?" असं विचारलं आहेस. तेच मला डोंगर बचाव समितीने विचारलं. मी अध्यक्ष आहे, त्यामुळे सांगणं भागच होतं. काल वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक झाली. आपले वकील, तेच समितीचे सचिव, तुला आठवत असतील, प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा दोनदा पुसला. मग म्हणाले, "बाई, ही तर चांगली बातमी आहे."

"चांगली कशी?"

"पूर्वेची नोंद आहे तशी राहू द्या. पश्चिमेला दुसरी खाण सापडली म्हणून नवी नोंद करू. दोन्ही उतार वारसा. मग रस्ता कुठून नेतील? पाती काय पाठीवरून नेणार? पवनचक्क्यांचा विषयच संपला."

"पण पूर्वेला काही नाहीये."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. आणि गाडीवाल्यांना. ते काही बोलत नाहीत."

मी लगेच नाही म्हणाले नाही. हे तुला कळायला हवं. पवनचक्क्या मला आवडत नाहीत. त्या कड्याची रेषा मी लहानपणापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते आहे. तिच्यावर नऊ पांढरे खांब फिरत राहणार, ही कल्पना मला बोचते. वकीलही वाईट माणूस नाही. त्याने त्या डोंगरावर पाचशे झाडं जगवली आहेत, स्वतः पाणी वाहून. त्याच्या डोळ्यात पाणी होतं.

घरी आले. दोरीवरचे कपडे काढायला गेले. नदीपलीकडच्या कोळशाच्या वीजकेंद्राची राख नेहमीसारखी बसली होती. पांढरी चादर झटकली की ढग उठतो, तसा उठला. शेवटच्या वर्षी माझ्या शाळेत हजेरी घेताना मुलं "हजर" म्हणायच्या आधी खोकायची. ओळखू यायची, कोण खोकतंय ते. पवनचक्क्या सुरू झाल्या की त्या केंद्राचा जुना भाग बंद होणार, असं तूच सुनावणीत सांगितलं होतंस, मी तुझं बोलणं तोडण्याआधी.

आणि एक गोष्ट. कार्यालयातल्या त्या मुलीने कंपनीचा पहिला अर्ज मला दाखवला. पहिला रस्ता पूर्व उतारावरूनच आखलेला होता. चढ कमी, वळणं मोठी, तोडायची झाडं निम्मी. त्यावर शेरा: "नोंद क्रमांक बेचाळीस. नामंजूर." म्हणजे जिथे काही नाही ते माझ्या सहीने अडतीस वर्षं राखलं गेलं, आणि जिथे बाबा आहेत तिथे माझ्याच सहीने मशीन चढलं.

खोटी नोंद एकदा झाली, ती लाजेपोटी. दुसऱ्यांदा केली तर जाणूनबुजून होईल. दोन्हींत फरक आहे आणि तो मला परवडणार नाही.

तुझा सल्ला मागत नाही. कळवते आहे. पुढची सुनावणी आठ मार्चला आहे.

ताई

९ मार्च

प्रिय बारकी,

झालं.

तोच हॉल, त्याच खुर्च्या. मी वही घेऊन उभी राहिले आणि वाचलं. लिहून नेलं होतं, कारण तोंडी बोलले असते तर मी कुठेतरी स्वतःला सोडवलं असतं. वाचलं की नोंद बेचाळीस चुकीची आहे. पाहणी न करता मी "होय" लिहिलं. खाण पश्चिम उतारावर आहे, पूर्वेला काही नाही. आणि मागच्या सुनावणीत हे ज्या बाईने सांगितलं तिला मी याच जागी खोटं पाडलं. ती माझी बहीण आहे, ती खरं बोलत होती आणि त्यापायी तिला हे काम सोडावं लागलं. सगळ्यांसमोर अपमान केला तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच मागते, असं म्हणून मी तुझी माफी मागितली. तू तिथे नव्हतीस. इतिवृत्तात आहे.

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, बाकावर उभं राहायचं का?" आवाज ओळखला. दहावी ब, खिडकीजवळचा. मी म्हटलं, "गुडघे बरे असते तर राहिले असते." लोक हसले. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं हसले.

वकील हसले नाहीत. ते उठून म्हणाले, "एक नोंद खोटी असेल तर बाकीच्या एक्केचाळीस कशावरून खऱ्या?" रास्त प्रश्न. मी म्हटलं, सगळ्या पुन्हा तपासा, मी बरोबर चालते. कार्यालयातली मुलगी म्हणाली, "मी येते, बाई." मग तिने गाडीवाल्या काकांना विचारलं, खाणीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे. काका खुर्चीतूनच म्हणाले, "आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं."

समितीने मला अध्यक्षपदावरून काढलं. हात वर करून, सात विरुद्ध दोन. त्या दोनांत एक मी. दुसरा कोण ते वळून बघितलं नाही, पण बाहेर पडताना वकिलांनी माझी छत्री आणून दिली आणि चष्मा पुसत उभे राहिले.  

ताई

३० एप्रिल

प्रिय बारकी,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं. आधी पानं मोजली, मग वाचलं.

बातमी तुला कंपनीकडून कळलीच आहे, तरी माझ्याकडून ऐक. रस्ता पूर्व उतारावरून जाणार. पश्चिम उतार, खिंडीपासून खालच्या ओढ्यापर्यंत, वारसा म्हणून नोंदला गेला. खाणीच्या डोक्यावर जो खांब उभा राहणार होता तो रद्द झाला. नऊच्या आठ झाल्या. वकील म्हणतात, आठही जास्तच. त्यांनी आता रस्त्याकडेची झाडं वाचवायला कंपनीशी वाद घालायला घेतला आहे आणि आजवर चौदा वाचवली आहेत. मला त्या पवनचक्क्या सुंदर वाटणार नाहीत. कोणी "डौलदार" म्हणालं की मी विषय बदलते. पण परवा शाळेवरून जाताना वर्गातला खोकला ऐकला आणि वर कड्याकडे बघितलं. आठ मोजून घेईन. सवय होईल.

एक्केचाळीसपैकी सव्वीस नोंदी आमच्या तपासून झाल्या. सव्वीसही बरोबर आहेत. ती मुलगी भरभर चालते आणि मी थांबले की फुलाचं नाव विचारते, म्हणजे मला दम खाता येतो. चलाख आहे.

आठव्या दगडाचं भोक बुजवायचं, असं कार्यालयाचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. तेही आता त्या दगडाचाच भाग आहे. शेजारी पाटी लागेल. पाटीचा मजकूर मी लिहिते आहे, त्यात चूक कोणाची होती ते असेल.

तू लिहिलं आहेस की पूर्वेच्या रस्त्याच्या कामावर तुला परत बोलावलं आहे आणि तू अजून हो म्हटलेलं नाहीस, कारण "ताईला चालेल का" ते माहीत नाही. बारके, बावन्न वर्षांची झालीस. ताईला विचारून काम घेणार आहेस का? घे. खोली झाडून ठेवली आहे. छप्पर गळत नाही, हे आधीच कळवलं होतं.

नव्या नोंदीचा कागद माझ्याकडे आहे. "प्रत्यक्ष पाहणी: होय." सही केली, यावेळी उतारावर बसून, मांडीवर वही घेऊन. म्हणून अक्षर वाकडं आलं आहे. खाली साक्षीदाराचा रकाना आहे. गाडीवाले काका सही करायला तयार होते. मी म्हटलं, ही जागा दुसऱ्याची आहे. ते म्हणाले, "तेच बघत होतो, म्हणता की नाही."

येशील त्या दिवशी घरी थांबू नकोस, थेट वर ये. सकाळपासून मी तिथेच असेन. डबा खोबणीत ठेवलेला असेल. तुझा जुनाच, कोपरा चेपलेला, माळ्यावर सापडला. खोबणीत अजून बरोबर बसतो.

खिंडीतून उजव्या हाताला, तीनशे पावलं. माझी तीनशे एक्केचाळीस भरली, बाबांची टांग मोठी होती.

उतरतानाचा उजवा, हे तुला सांगायला नको.

ताई